जेवू घालीना, भीक मागू देईना

ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या आणि जवळ उदरनिर्वाहाचे साधन नसलेल्या माणसाला सरकार राहायला जागा देते आणि आठवड्याला ४९.१८ पौंड. २०२४च्या सुरुवातीला ठरलेला हा दर आहे. म्हणजे दिवसाला सात पौंड. त्यात जेवण, कपडे, बसभाडे, फोन, साबण सगळे आले. त्याला जेवण देणाऱ्या हॉटेलात ठेवले असेल, तर त्याच वेळी ठरलेला दर होता आठवड्याला ८.८६ पौंड. जागा कुठल्या गावात मिळेल हे त्याच्या हातात नसते. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याला काम करता येत नाही. बारा महिने उलटून गेले आणि दिरंगाई त्याच्यामुळे झालेली नसेल तर कामाची परवानगी मागता येते. पण तीसुद्धा सरकारने ठरवलेल्या यादीतल्या मोजक्या कामांसाठीच.

या रकमेवरून दोन्ही बाजूंनी भांडण चालते. एक म्हणतो, एवढ्यात माणूस जगतो कसा? दुसरा म्हणतो, बोलावले कोणी होते? मला वाटते खरा प्रश्न रकमेच्या आधीचा आहे. ज्या माणसाला आपण अजून आत घेतलेले नाही, कदाचित घेणारही नाही, त्याचा आपल्यावर काही हक्क असतो का? असेल, तर तो येतो कुठून? आणि देशात कोण राहील हे ठरवण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला, तर या हक्काला जागा उरते का?

परदेशातल्या मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही, आणि त्याबद्दलचे आपले मतही फारसे मवाळ नाही. मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. आपण व्हिसाची फी भरून आलो. प्रत्येक प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार आगाऊ भरला. टॅक्स भरतो, कौन्सिल टॅक्स भरतो. तरीही व्हिसाबरोबर एक अट आहे: सार्वजनिक निधीतून काही मागायचे नाही. उद्या नोकरी गेली तर बेकारी भत्ता नाही, घरभाड्याला मदत नाही, मुलांचा भत्ताही नाही. साठ दिवसांत दुसरी नोकरी नाहीतर परतीचे विमान. मग छोट्या बोटीतून खाडी ओलांडून आलेल्याला फुकट हॉटेल का? आम्ही रांगेत उभे राहिलो, ते रांग मोडून आले.

यातला रांगेचा मुद्दा आधी बघू. कामाच्या व्हिसाला रांग आहे, आश्रयाला बहुतेकांसाठी ती नाहीच. युक्रेन, हाँगकाँग यांच्यासाठी खास योजना निघाल्या, काही अफगाणांसाठीही. पण खार्टुममधल्या माणसाने ‘मला आश्रय हवा’ म्हणून ब्रिटिश वकिलातीत भरावा असा अर्जच अस्तित्वात नाही. अर्ज ब्रिटनच्या भूमीवर पोहोचूनच करावा लागतो, आणि तिथे पोहोचायला व्हिसा मिळत नाही. १९५१च्या निर्वासितविषयक कराराने हे ओळखले होते. म्हणून छळाच्या जागेहून थेट आलेल्या आणि लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असे त्याचे ३१वे कलम सांगते. ‘थेट’चा अर्थ काय, फ्रान्समधून आलेला त्यात बसतो का, यावर वाद आहे आणि तो खरा वाद आहे. पण आपण ज्या रांगेत उभे होतो ती रांग ते मोडत नाहीत. त्यांच्यासाठी ती कधी लावलीच नव्हती.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. आपला आणि सरकारचा जो करार झाला तो नीट वाचला तर असा आहे: काम करा, पण मागू नका. नोकरी गेली तर परत जायला आपल्याला देश आहे, तिथे घर आहे. आश्रय मागणाऱ्याला सरकार सांगते ते याच्या बरोबर उलटे आहे: काम करू नका. मग पुढचे अर्धे वाक्य काय असायला हवे? आपल्याला ‘मागू नका’ म्हणता येते कारण आपले हात मोकळे ठेवले आहेत. ज्याचे हात बांधले त्याला ‘मागूही नका’ म्हणायचे असेल, तर त्याने जगायचे कसे, हे सांगण्याची जबाबदारी हात बांधणाऱ्यावर येते.

आपल्याकडे म्हण आहे: आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. न जेवू घालणारी आई निष्ठुर म्हणता येईल. भीक मागू न देणारा बाप मानी म्हणता येईल. दोघे एकाच घरात आले की मूल मरते. ब्रिटनमधल्या गेल्या तीस वर्षांच्या आश्रयविषयक कायद्याची गोष्ट म्हणजे हे दोघे एकाच घरात येऊ नयेत म्हणून न्यायालयांनी केलेली धडपड आहे.

गोष्ट खरे तर त्याहून जुनी. १८०३ साली ईस्टबोर्न गावच्या एका खटल्यात प्रश्न आला होता की, परदेशी गरिबाला गरीब-कायद्याखाली गावाकडून मदत मिळते का. सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी सांगितले की, परक्या माणसालाही उपाशी मरण्यापासून वाचवण्याचे बंधन माणुसकीच्या कायद्याने येते, आणि तो कायदा सगळ्या लिखित कायद्यांच्या आधीचा आहे. एकशे दोन वर्षांनी, १९०५ साली, परकीयांना बंदरावर अडवणारा ब्रिटनचा पहिला आधुनिक कायदा आला. स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्याला परत पाठवा, असे तो म्हणत होता. पण धार्मिक किंवा राजकीय छळातून निसटून आलेल्याला केवळ पैसे नाहीत म्हणून अडवू नका, असेही त्यातच लिहिले होते. नियंत्रण आणि आश्रय यांतला ताण त्या कायद्याच्या जन्मापासूनच त्याच्या पोटात आहे.

१९९६च्या फेब्रुवारीत सरकारने नियम काढला: बंदरावर किंवा विमानतळावर उतरताक्षणी अर्ज न करता नंतर देशात राहून अर्ज केला, तर भत्ता बंद. त्याच वर्षी जूनमध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. निकाल देणारे न्यायाधीश सायमन ब्राउन यांनी आधार घेतला १८०३च्या त्याच ईस्टबोर्नच्या खटल्याचा. त्यांचा तर्क असा होता: संसदेने आश्रय मागण्याचा हक्क दिला आहे, पण निकाल लागेपर्यंत जगताच येणार नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. सरकारने महिन्याभरात तोच नियम संसदेतून कायदा म्हणून मंजूर करून घेतला. मग वकिलांनी १९४८च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याकडे बोट दाखवले, आणि न्यायालयांनी मान्य केले की, निराधार माणसाला सांभाळण्याचे स्थानिक कौन्सिलवरचे बंधन या लोकांनाही लागू आहे.

१९९९च्या कायद्याने स्वतंत्र व्यवस्था आली. एप्रिल २०००पासून रोख पैशांऐवजी मुख्यतः व्हाउचर मिळू लागले, रोख फक्त दहा पौंड. पाच पौंडांचे व्हाउचर देऊन चार पौंडांची वस्तू घेतली तर उरलेला पौंड परत मिळत नसे. काउंटरवर ते व्हाउचर काढले की मागच्या रांगेतल्या सगळ्यांना कळे, हा कोण आहे ते. जमेकाहून आलेले कामगार नेते बिल मॉरिस यांनी या पद्धतीविरुद्ध मोहीम उघडली आणि २००२मध्ये ती गुंडाळावी लागली. पण त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. सहा महिन्यांनंतर कामाची परवानगी मागण्याची सवलत सरकारने काढून घेतली. आणि नव्या कायद्याच्या ५५व्या कलमाने सांगितले की, देशात आल्यावर शक्य तितक्या लवकर अर्ज केला नाही तर मदत नाही. बापाने हात बांधले आणि आईने ताट काढून घेतले, ते एकाच वर्षात.

कलम जानेवारी २००३मध्ये लागू झाले. ‘शक्य तितक्या लवकर’ याचा अर्थ अधिकाऱ्यांनी इतका कडक लावला की, एक-दोन दिवसांच्या उशिरावरूनही माणसे रस्त्यावर आली. शेकडो जण न्यायालयात गेले. त्यांतल्या तिघांचे खटले वरपर्यंत पोहोचले: एक अंगोलाचा, एक इथिओपियाचा, एक सुदानचा. सुदानचा माणूस लंडनमध्ये निर्वासितांना मदत करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यालयाबाहेर जवळजवळ महिनाभर उघड्यावर झोपत होता. ३ नोव्हेंबर २००५ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या पाचांत लॉर्ड ब्राउन होते. १९९६चा निकाल देणारे सायमन ब्राउन ते हेच.

या निकालातला मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचे तिसरे कलम कोणालाही अमानुष किंवा मानहानिकारक वागणूक द्यायला बंदी करते. सरकारचे म्हणणे होते, आम्ही काहीच केलेले नाही. आम्ही मारले नाही, कोंडले नाही. फक्त दिले नाही. न देणे ही वागणूक कशी? न्यायाधीशांनी उत्तर दिले ते साधारण असे: सरकारने प्रत्येक गरिबाला घर आणि भत्ता दिलाच पाहिजे, असे हे कलम म्हणत नाही. पण इथे सरकारने एका हाताने काम करायला बंदी केली आणि दुसऱ्या हाताने मदत काढून घेतली. या दोन्हींची बेरीज म्हणजे ‘वागणूक’च. तिच्यामुळे माणूस अन्न, निवारा, अंग धुण्याची सोय अशा अगदी मूलभूत गोष्टींवाचून गंभीर हालात लोटला जाणार असेल, तर सरकारने हस्तक्षेप केलाच पाहिजे.

नीतिशास्त्रात करणे आणि न करणे यांतला फरक जुना आहे. नदीत बुडणाऱ्याला न वाचवणे आणि त्याला ढकलणे एक नाही, असे आपल्याला सहज वाटते. पण पोहता येणाऱ्याचे हात बांधून मग ‘मी फक्त उडी मारली नाही’ म्हणणारा माणूस कोणत्या बाजूला बसतो? आश्रयार्थ्याचा पोटापुरता हक्क कुठून येतो, याचे माझ्या मते हेच उत्तर आहे. तो आपल्या दयाळूपणातून येत नाही. आपण त्याच्यावर जी बंधने घालतो, त्या बंधनांतूनच तो जन्मतो. बंधन घालायचा अधिकार जितका खरा, तितकाच हा हक्क खरा.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. अर्ज करणाऱ्यांत सगळेच छळातून आलेले नसतात. काही जण केवळ बऱ्या आयुष्याच्या शोधात येतात. अर्ज टाकला की छप्पर आणि पैसे मिळणार असतील, तर अर्ज हाच व्हिसा होतो. काम करू दिले तर आणखीच. म्हणून मदत इतकी कमी ठेवा की, खोट्याला यावेसेच वाटू नये.

नियंत्रणाचा अधिकार मला मान्य आहे. ज्या देशाला कोण राहील हे ठरवता येत नाही, त्याला आश्रय देण्याचे वचनही पाळता येत नाही. प्रश्न एवढाच की, नियंत्रण कुठे ठेवायचे. खरा कोण, खोटा कोण हे ठरवायला मुलाखत आहे, पुरावे आहेत, अपील आहे. भुकेला ते कळत नाही. तुरुंगातून सुटून आलेला आणि नुसता नोकरीसाठी आलेला, दोघांनाही भूक सारखीच लागते. उलट, ज्याच्यामागे ओळखीपाळखीचे लोक आहेत, चोरून काम मिळवून देणारे आहेत, तो तग धरतो; आणि जो एकटा, आजारी, घाबरलेला आहे तो आधी मोडतो. म्हणजे ही चाळणी गहू खाली टाकते आणि खडे वर ठेवते.

शिवाय इथे दुसरीही एक अडचण आहे. उद्या येणाऱ्याला धडा मिळावा म्हणून आज आलेल्याला उपाशी ठेवायचे, याचा अर्थ आज आलेला माणूस फलक म्हणून वापरायचा. तो फलक कोणी वाचतो का, हाही प्रश्नच आहे. २००२मध्ये गृहखात्यानेच करवून घेतलेल्या, मोजक्या लोकांशी बोलून केलेल्या एका अभ्यासात दिसले होते की, येण्याआधी त्यांना इथल्या भत्त्यांची फारशी माहिती नव्हती. नातेवाईक, भाषा आणि दलाल कुठे नेईल यावर बरेच ठरत होते. अभ्यास लहान होता, एवढ्यावर सगळा निकाल लागत नाही. पण भुकेने माणूस परत जातो या समजुतीचीही परीक्षा झाली आहे. २००४च्या कायद्याने अर्ज फेटाळलेल्या कुटुंबांची मदत थांबवण्याची सोय केली. मग मुलांना सांभाळणे जमले नाही तर मुले कौन्सिलच्या ताब्यात जाण्याची वेळ येणार. काही भागांत प्रयोग झाला. परत जायला सहकार्य करण्याकडे कुटुंबांचा कल यामुळे फारसा वाढला नाही, असे गृहखात्याच्याच मूल्यमापनाला मान्य करावे लागले.

अर्ज अंतिमतः फेटाळला गेल्यावर काय, हा यातला अवघड भाग. माझ्या मते तिथे हक्क अरुंद होतो आणि व्हायलाही हवा. ज्याला परत जाता येते आणि जो जायला तयार नाही, त्याने अनिश्चित काळ सांभाळण्याची अपेक्षा धरू नये. पण त्याला परत पाठवणे हे सरकारचे काम आहे, आणि त्यासाठी सरकारकडे अधिकारी आहेत, कायदे आहेत, विमाने आहेत. ते काम जमत नाही म्हणून ते उपासमारीवर सोपवणे याला नियंत्रण म्हणता येत नाही.

पोसणे म्हणजे वसवणे नव्हे, हे कोल्हापूरने पाहिलेले आहे. १९४३ ते १९४८ या काळात शहराजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरिया आणि मध्य आशियाकडे हाकलले होते. इराणमार्गे ती इथवर आली. खर्च कोल्हापूरकरांच्या खिशातून जात नव्हता, हे खरे. पण छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. युद्ध संपल्यावर त्यांतले बहुतेक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत निघून गेले. राहीपर्यंत माणसासारखे राहू देणे आणि कायमचे ठेवून घेणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिल्याला होकार दिला म्हणजे दुसरा गळ्यात पडत नाही.

‘मग आमच्याच गरिबांचे काय?’ या प्रश्नाला मात्र टोलवू नये. आश्रयार्थ्यांना घरे दिली जातात ती भाडे स्वस्त असलेल्या भागांत, म्हणजे आधीच हलाखीत असलेल्या गावांत. तिथे कौन्सिलच्या घरासाठी वर्षानुवर्षे थांबलेला माणूस बंद पडलेले हॉटेल पुन्हा भरताना पाहतो. ऑगस्ट २०२४मध्ये रॉदरहॅमजवळ जमावाने अशा हॉटेलला आग लावायचा प्रयत्न केला, आत माणसे असताना. त्याला काहीच सबब नाही. पण आश्रयाचे नैतिक श्रेय सुस्थितीतल्यांनी घ्यायचे आणि भार रॉदरहॅमने उचलायचा, ही वाटणीही न्याय्य नाही. आणि खर्च एवढा का फुगला? जून २०२३च्या अखेरीस सुमारे १ लाख ७५ हजार माणसे पहिल्या निर्णयाची वाट पाहत होती. राहण्याच्या सोयीच्या दहा वर्षांच्या कंत्राटांचा अंदाज साडेचार अब्ज पौंडांवरून पंधरा अब्जांच्या वर गेल्याचे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२५मध्ये दाखवले. आठवड्याच्या ४९ पौंडांनी ही तिजोरी रिकामी होत नाही. निर्णयाला लागणारा वेळ आणि त्या वेळात सक्तीने रिकामे ठेवलेले हात, हे महाग पडतात.

अमेरिकेने बरीच वर्षे उलटी वाट धरली होती: सरकारी मदत जवळपास नाही, पण अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी कामाचा परवाना. त्या सहा महिन्यांत खायचे काय, हा प्रश्न तिथे उरतोच. तरी निदान ती आई जेवू घालत नसली तर बाप कामाला जाऊ देतो. देशाने यातली कोणतीही वाट निवडावी. दोन्ही बंद करू नयेत, एवढेच म्हणणे आहे.

हे आज लिहायचे कारण असे की, नोव्हेंबर २०२५मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले: आश्रयार्थ्यांना मदत देण्याचे २००५पासूनचे कायदेशीर बंधन काढून ती ऐच्छिक करणार. काम करता येत असूनही न करणाऱ्याची मदत थांबवता येईल, हे त्यातले एक कारण. ज्याचे हात मोकळे केले त्याला असे म्हणणे माझ्या तर्कात बसते. पण ‘देणे भाग आहे’ याचे ‘देता येईल’ झाले की, बाकीच्यांचा हक्कही मर्जीवर जातो, आणि मर्जी निवडणुकीनिवडणुकीला बदलते.

या बाबतीत आपण नुसते प्रेक्षक नाही. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. जर्मनीतून कामासाठी आलेल्याला ते देता येत नाही. सुदानहून आलेल्या आश्रयार्थ्याला तर नाहीच. म्हणजे कामाच्या व्हिसावर आलेला, सार्वजनिक निधीतून काही मागू न शकणारा पुण्या-नागपूरचा माणूस, त्या निधीतून दुसऱ्याला काय मिळावे हे ठरवणाऱ्यांत मोडतो. उमेदवार दारावर येईल तेव्हा त्याला सीमा किती घट्ट करणार हे जरूर विचारावे. त्याच दमात हेही विचारावे: निर्णय किती महिन्यांत देणार, आणि तोवर त्या माणसाचे हात सोडणार आहात की ताट वाढणार आहात?